चौदा दिवसांतला एक रोड शो

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारासाठी अभिनेते गोविंदा जळगाव जिल्ह्यात आले. मुक्ताईनगर, बोदवड, पाचोरा, चोपडा असा दौरा ठरलेला होता. दीडच महिन्यापूर्वी पायाला गोळी लागून ते रुग्णालयात होते; इथे पुन्हा प्रकृती बिघडली आणि दौरा अर्ध्यावर सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. तेव्हा खान्देशात जो वाद झडला तो निवडणूक संपली तरी संपलेला नाही. नगरपालिकेचा प्रचार असो, दहीहंडी असो की एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम असो, मालिकेतली नटी किंवा रिअॅलिटी शोमधला चेहरा येणार असं कळलं की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नाचगाण्यावाल्यांचं राजकारणात काय काम? दुसरा म्हणतो, लोक आपल्या पायाने बघायला येतात, तुमच्या पोटात का दुखतं? दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात, आणि भांडताना दोघांचीही नजर नटावरच खिळलेली असते. त्याच्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या उमेदवाराकडे कुणी बघतच नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नटाने राजकारणात यावं की येऊ नये, यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच, की त्याची प्रसिद्धी लोकांना उत्तर देण्यासाठी वापरली जाते, की उत्तर देण्याची वेळ येऊ नये म्हणून? लोकशाहीत सत्ता मागणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे. ज्या मंचावरून जाब विचारता येतो तिथे नट उभा राहिला काय आणि वकील उभा राहिला काय, काही बिघडत नाही. ज्या मंचावर तशी सोयच ठेवलेली नसते, तिथे आयुष्यभर समाजकार्य केलेला माणूस उभा केला तरी नुकसान व्हायचं ते होतंच.

पहिल्या तटाच्या बोलण्यात मला एक गोष्ट खटकते, ती आधी स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘नाच्या’, ‘तमासगीर’ हे शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांच्या मनात राजकारणाच्या शुद्धतेपेक्षा जातीचा आणि व्यवसायाचा तुच्छभाव जास्त असतो. कलावंताने सत्तेच्या प्रश्नावर बोलू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी महाराष्ट्राचा इतिहास पुन्हा वाचावा. सत्यशोधक जलशांनी शेतकऱ्याला भटशाहीविरुद्ध उभं केलं. आंबेडकरी जलशांनी वस्तीवस्तीत विचार पोचवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गवाणकर यांच्या डफाचा आवाज काढून टाका आणि बघा काय उरतं. आचार्य अत्रे नाटककार होते, चित्रपट काढत होते, आणि त्यांच्याइतकं राजकारण त्या काळात फार थोड्यांनी केलं. खुद्द खान्देशात तमाशाच्या वगातून सावकाराची आणि पाटलाची जेवढी खिल्ली उडाली, तेवढं बोलायची हिंमत त्या काळी भल्याभल्यांना झाली नसती.

आणि टीव्हीचंच बोलायचं तर शिरपूरचं एक घर आठवा. शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, पुढे राज्यात मंत्री झालेले, नंतर राज्यसभेवर गेलेले. त्यांची मुलगी स्मिता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि सत्तरीच्या दशकातल्या त्या सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचत. पुढे पडद्यावर त्या काय होत्या ते मी सांगायला नको. सत्ता, टीव्ही आणि तारांकित प्रसिद्धी हे तिन्ही एकाच घरात नांदले. म्हणून काही खान्देशची लोकशाही नासली नाही. तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घात होतोच, असा सरसकट नियम कुणी सांगू नये.

दुसऱ्या तटाचा मुद्दा आणखी वजनदार आहे. ते म्हणतात, मतदाराला वेडा समजू नका. तो नटाला बघतो, टाळ्या वाजवतो आणि मत द्यायचं त्यालाच देतो. हे खरं आहे, आणि त्याला पुरावेही भरपूर आहेत. १९९१ मध्ये नवी दिल्लीत राजेश खन्ना यांच्यासारखा सुपरस्टार लालकृष्ण अडवाणींकडून दीडेक हजार मतांनी का होईना, हरला. समाजमाध्यमांवर लाखो अनुयायी असलेला एजाज खान २०२४ ला वर्सोव्यातून उभा राहिला, त्याला १५५ मतं पडली. स्मृती इराणींना घराघरातली सून म्हणून देश ओळखत होता, तरी २००४ ला चांदनी चौकात आणि २०१४ ला अमेठीत त्या हरल्या. अमेठीत पाय रोवून काम केल्यावर २०१९ ला जिंकल्या, आणि २०२४ ला त्याच मतदारांनी त्यांना घरी बसवलं. मतदार चेहऱ्यावर भाळून मत देतो, हा आरोप या पुराव्यापुढे टिकत नाही.

ओळखीच्या चेहऱ्याचा काहीच उपयोग होत नाही, असं मात्र नाही. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागलं की एसटी स्टँडसुद्धा ओस पडत. पुढे १९९१ च्या निवडणुकीत शेजारच्या गुजरातेतून सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या, आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. एकाच निवडणुकीत, एकाच पक्षाकडून सीता आणि रावण दोघंही लोकसभेत गेले! त्यात पक्षाची हवा होती, त्या काळचं वातावरण होतं, हे मान्य. तरी मतं केवळ भक्तीने पडली असती तर रावण पडला असता. टीव्हीने दिली ती ओळख. आठवड्यामागून आठवडे जो चेहरा आपल्या घरात येऊन बसतो, तो परका वाटत नाही. उमेदवाराचं नाव लोकांपर्यंत पोचवायला एरवी जी वर्षं लागतात, ती वाचतात.

आता दुसऱ्या तटाला माझा सवाल. मतदार शहाणा आहे, नट बघून तो मत देत नाही, हे तुम्हीच सांगता. मग पक्ष एवढा खटाटोप करून नट आणतात कशासाठी? निवडणूक लढवणारी माणसं पैशाच्या बाबतीत भोळी नसतात. उत्तर सापडतं प्रचाराच्या वेळापत्रकात. २०२४ ला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान होतं २० ला. मतदानाआधीचे ४८ तास प्रचार बंद. म्हणजे १८ च्या संध्याकाळपर्यंत चौदा दिवस. पाच वर्षांत हे चौदाच दिवस असे असतात, की उमेदवार गल्लीत येतो, ओट्यावर बसतो, आणि म्हातारा माणूसही त्याचा हात धरून विचारू शकतो, ‘का रे भो, त्या पाण्याचं काय झालं?’ त्या चौदातली एक अख्खी संध्याकाळ नटाच्या रोड शोने भरली, दुसरी गाण्यांच्या कार्यक्रमाने, तिसरी मुंबईहून आलेल्या बड्या नेत्याच्या सभेने, की जाब द्यायची वेळ तेवढी कमी होते. नट मतं आणतो की नाही, हे उमेदवारालाही नक्की माहीत नसतं. नट संध्याकाळ खातो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

तालुक्याच्या गावातला असा एक रोड शो जवळून बघण्यासारखा असतो. वेळ चारची दिलेली असते, गाडी सात वाजता येते. चौकात दोन्ही बाजूंना जेसीबी उभे, त्यांच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्यांच्या गोण्या ओतलेल्या. डीजेवर उमेदवाराच्या नावाचं अहिराणी गाणं, त्याची चाल लग्नात वाजणाऱ्या एखाद्या हिट गाण्याची. दुकानांच्या गच्चीवर बायका-पोरं, खाली कापूस वेचून परस्पर आलेल्या मजुरांचा घोळका, अंगावरच्या कपड्यांना अजून कापसाचे धागे चिकटलेले. उघड्या गाडीवर नट, त्याच्या खांद्यामागे उमेदवार, त्याच्यामागे गाडीवर चढायला मिळालेले दहा-बारा कार्यकर्ते. शेकडो हात वर, प्रत्येक हातात मोबाइल. गाडी चौकात तीनचार मिनिटं थांबते, गाण्याच्या दोन ओळी होतात, पाकळ्या पडतात, गाडी पुढे सरकते. मागच्या गल्लीतून धावत आलेला माणूस विचारतो, ‘काय बोलना रे तो?’ पुढचा सांगतो, ‘काही नही, हात दखाडा नि गया.’ २०२४ च्या त्या प्रचाराच्या दिवसांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झालेला होता आणि खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या कितीतरी खाली माल मागत होते. चौकात उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात तो कापूस पडलेला होता. विचारायचं कुणाला? गाडी तर पुढे गेली.

कायद्यालाही या प्रकाराचं काही वावडं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मान्यताप्राप्त पक्षाला स्टार प्रचारकांची यादी देता येते, त्यात चाळीस नावं बसतात. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. विमान, हेलिकॉप्टर सगळं पक्षाच्या नावावर. उमेदवार स्वतः त्या मंचावर असेल तर सभेचा खर्च त्याच्याकडे लागतो, आणि विधानसभेला ही मर्यादा ४० लाखांची आहे. आयोगाची माणसं खुर्च्या मोजतात, मंडप मोजतात, पाण्याच्या बाटल्यासुद्धा मोजतात. हा हिशेब हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण उमेदवाराने चौदा दिवसांत किती तास लोकांच्या प्रश्नांना तोंड दिलं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

कुणी म्हणेल, गर्दी, मिरवणूक, देखावा हे राजकारणात कधी नव्हतं? होतं, आणि त्याचं सर्वांत देखणं उदाहरण आमच्याच खान्देशात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावून बांबू, चटया आणि गावातल्याच सामानातून सगळं नगर सजवून घेतलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि त्या काळात नेहरूंना बघायला जी झुंबड उडे ती आजच्या कुठल्याही नटाच्या वाट्याला येणार नाही. साने गुरुजी गावोगाव फिरून लोकांना त्यासाठी तयार करत होते. म्हणजे तारा होता, देखावा होता, मैल मैल चालत आलेली गर्दी होती. मग फरक कुठे पडला? फैजपूरहून लोक घरी गेले ते एक कार्यक्रम घेऊन. सारा आणि खंड कमी करा, सरंजामी वेठ आणि देणी बंद करा, कुळाला जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क द्या, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या, अशा स्पष्ट मागण्या त्या ठरावात होत्या. दुसऱ्याच वर्षी प्रांतांत काँग्रेसची सरकारं आली, तेव्हा शेतकऱ्यांच्या नेत्यांनी हाच ठराव पुढे करून मंत्र्यांना धारेवर धरलं. बांबूच्या कमानींनी माणसं आत आणली आणि आत त्यांच्या हातात जाब विचारायचं साधन पडलं. आजच्या रोड शोतून माणूस घरी नेतो तो मोबाइलमधला वीस सेकंदांचा व्हिडिओ. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ कुणापुढे धरून काय विचारायचं?

माझ्या म्हणण्याला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट आता घेतो, कारण ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुर्लक्षित माणसाकडे कॅमेरा वळवायची ताकद आज फक्त तारांकित चेहऱ्यात उरली आहे, असा एक युक्तिवाद आहे. खान्देशचाच दाखला आहे, नर्मदाकाठचा. गुजरातेतल्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, जवळजवळ सगळे आदिवासी. मणिबेलीसारखं गाव वर्षानुवर्षं पाण्याशी आणि पोलिसांशी झुंजत होतं. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ते अधूनमधून छापलं, टीव्हीला त्यात फारसं दिसलं नाही. मार्च २००६ मध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. मेधा पाटकर दिल्लीत उपोषणाला बसल्या, आणि एप्रिलमध्ये आमीर खान जंतरमंतरवर येऊन विस्थापितांमध्ये बसला. त्या संध्याकाळी जे कॅमेरे तिथे जमले ते वीस वर्षांच्या आंदोलनाने कधी पाहिले नव्हते. ‘आधी पुनर्वसन’ ही साधी मागणी देशभर ऐकू गेली. हा उपकार मी नाकारत नाही. आमीरने त्यासाठी किंमतही मोजली: मे महिन्यात त्याचा ‘फना’ प्रदर्शित झाला तेव्हा गुजरातेतल्या जवळजवळ सगळ्या चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही.

पण त्यानंतर काय झालं तेही बघितलं पाहिजे. कॅमेरे आले तसे आमीरच्या मागे गेले. माफी मागणार का, चित्रपट लागणार का, चित्रपटगृहाच्या काचा कुणी फोडल्या, निर्मात्याचं किती नुकसान झालं, याच्या चर्चा रात्र रात्र रंगल्या. अक्राणीच्या डोंगरात किती घरं पाण्याखाली जाणार, तळोदा-शहाद्याकडे दिलेली जमीन कसण्याजोगी आहे का, कुणाची नावं यादीतून गळली, हे प्रश्न त्या गदारोळात पुन्हा मागे पडले. आमीरचा त्यात काहीच दोष नाही. तो जे बोलायला आला होता तेच बोलला. टीव्हीला मात्र प्रसिद्ध माणसाची अडचण ही बातमी वाटली आणि अप्रसिद्ध माणसाचं बुडणं ही तिची पार्श्वभूमी. ताऱ्याने आणलेला प्रकाश तारा हलला की त्याच्याबरोबर हलतो. प्रश्न तिथेच रुजायचा असेल तर त्याला स्थानिक पाय लागतात: गावातली संघटना, माहितीच्या अर्जांचा गठ्ठा, वीस-वीस वर्षं कोर्टाच्या तारखा करणारी माणसं. नर्मदाकाठी ती माणसं होती, म्हणून जे काही पुनर्वसन झालं ते झालं. ती नसती तर त्या एका संध्याकाळच्या कॅमेऱ्यांनी गावांच्या पदरात काय टाकलं असतं?

प्रसिद्धी उत्तरदायी होऊ शकते, हेही तितकंच खरं, आणि त्याचे दाखले दक्षिणेत मोठ्या आकारात दिसतात. एम. जी. रामचंद्रन दहा वर्षं तामिळनाडूचे मुख्यमंत्री राहिले. १९८२ मध्ये त्यांनी शाळेतल्या पोषण आहाराची योजना जी वाढवली तिचा कित्ता पुढे सगळ्या देशाने गिरवला. एन. टी. रामाराव यांनी १९८२ ला पक्ष काढला, वर्ष पुरं व्हायच्या आत ते मुख्यमंत्री झाले, आणि दोन रुपये किलो तांदळाचं वचन घेऊन आले. ते वचन पाळलं की नाही, हे प्रत्येक बाई रेशनच्या दुकानात उभी राहून तपासू शकत होती. व्यक्तिपूजेची किंमत दोन्ही राज्यांनी मोजली, आजही मोजताहेत. त्यात माझं दुमत नाही. तरी ही माणसं पूर्ण वेळ मैदानात उतरली, पराभव अंगावर घेतला, टीका ऐकली. आपल्याकडे सुनील दत्त मुंबईतून पाच वेळा निवडून आले, १९८७ ला मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी चालत गेले, आणि शेवटपर्यंत मतदारसंघाला सापडत राहिले. अमोल कोल्हे छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेने घरोघरी पोचले आणि २०१९ ला शिरूरमधून खासदार झाले. त्यांच्या मतदारांनी ‘खासदार दिसत नाहीत’ अशी तक्रार केली, ती त्यांना ऐकून घ्यावी लागली, आणि २०२४ ला पुन्हा त्याच लोकांपुढे जाऊन उभं राहावं लागलं. यालाच मी जाब देणं म्हणतो. पाचोऱ्याच्या चौकातून हात हलवत जाणाऱ्या पाहुण्याला असा जाब कुणीच विचारणार नसतो, कारण त्याने काही कबूलच केलेलं नसतं. ज्याने कबूल करायला हवं तो त्याच्या खांद्यामागे उभा असतो.

इथपर्यंत मी नटांबद्दल बोललो. मला खरी धास्ती आहे ती राजकारण्यांबद्दल. टीव्हीने गेल्या पंचवीस वर्षांत पुढाऱ्यालाच तारा करून टाकलं, आणि त्याला ती भूमिका मानवली. जून २०२२ आठवा. शिवसेनेतल्या बंडात जळगाव जिल्ह्यातले पाच आमदार गुवाहाटीला गेले, चार शिवसेनेचे आणि एक अपक्ष. दहा दिवस वाहिन्यांनी हॉटेलचं फाटक दाखवलं, बसच्या काचा दाखवल्या, कोण कुठल्या मजल्यावर आहे ते सांगितलं. सांगोल्याच्या आमदारांचं फोनवरचं झाडी-डोंगराचं वर्णन तर गाण्यासारखं लोकांच्या तोंडी बसलं. तो जून महिना होता, पेरणीचा. बी-बियाण्यांची टंचाई, पीककर्जासाठी बँकांपुढच्या रांगा, रावेर-यावलच्या केळीचा विमा आणि बऱ्हाणपूरच्या बाजारातल्या भावावरून नेहमी चालणारी अडवणूक, यांपैकी एकही प्रश्न त्या दहा दिवसांत त्या पाच जणांना कुठल्या वाहिनीवर विचारला गेला? आपल्या मतदारसंघातून दोन हजार किलोमीटर दूर जाऊन बसलेल्या लोकप्रतिनिधीला खोलीतून दृश्य कसं दिसतं, हे विचारलं गेलं. पुढे २०२४ ला त्या पाचही मतदारसंघांत तेच किंवा त्यांच्या घरचेच निवडून आले. मतदारांचा तो निकाल आहे, त्यामागे केलेली कामंही असतील, आणि मी त्या निकालाचा आदर करतो. वाहिन्यांच्या वागण्याचं समर्थन मात्र त्या निकालातून होत नाही.

वाहिन्या असं का करतात, याला कुणाचा कट कारणीभूत नाही, धंद्याची घडण कारणीभूत आहे. जाहिरातीचा दर टीआरपीवर ठरतो आणि टीआरपी देशभरातल्या पन्नास हजारांच्या आसपास घरांत बसवलेल्या मीटरवरून काढला जातो. २०१५ पर्यंत तर या मोजणीत खेडी धरलीच जात नव्हती. धडगावच्या माणसाने टीव्ही बघितला काय आणि बंद ठेवला काय, हिशेबात फरक शून्य. जिल्ह्याच्या ठिकाणी वाहिनीचा माणूस असतो तो बहुधा बातमीमागे पैसे मिळणारा स्ट्रिंजर. अमळनेर तालुक्यात पाडळसे धरण नव्वदच्या दशकापासून चाललंय, अजून पुरं झालेलं नाही. त्याची कागदपत्रं काढून दोन आठवडे खपणं त्याला परवडत नाही, परवडलं तरी मुंबईच्या डेस्कवर ती बातमी लागत नाही. नट येतोय म्हटलं की तीच गाडी, तोच कॅमेरा आणि लगेच थेट प्रक्षेपण. पक्षांनी हे केव्हाच ओळखलंय. नट आणला की आयती प्रसिद्धी मिळते, तीही अशी, की तिच्यात एकही अडचणीचा प्रश्न नसतो.

मोबाइल आला, आता वाहिन्यांची सद्दी संपली, असं तरुण मित्र सांगतात. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली जातात, खान्देशातली पोरं स्वतःच्या बोलीत स्वतः तारे झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. मुंबईच्या मालिकांनी ज्या बोलीला नोकराच्या आणि विनोदाच्या भूमिकेपलीकडे जागा दिली नाही, तिने आपली जागा स्वतः करून घेतली. पण निवडणूक आली की त्याच गायकांकडून उमेदवाराचं गाणं करून घेतलं जातं, त्याच रील बनवणाऱ्यांना ‘भाऊं’च्या दौऱ्यावर नेलं जातं. तंत्र बदललं, प्रश्न विचारणारा माणूस चौकटीबाहेरच राहिला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे चैत्राम पवार यांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळे कॅमेरे तिकडे धावले. त्या गावाने जंगल राखायला सुरुवात केली त्याला तोवर तीन दशकं होऊन गेली होती. दंड काय, कुऱ्हाड कुणी कधी चालवायची, हे त्यांनी गावाच्या बैठकीत एकमेकांना प्रश्न विचारून ठरवलं. सन्मान झाला ते उत्तमच झालं. मला सांगायचंय ते इतकंच, की जे काम उभं राहिलं ते कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी, आणि उत्तर द्यावं लागणाऱ्या बैठकीत.

म्हणून माझी मागणी नटांवर बंदीची नाही. बंदी घटनेत बसणार नाही आणि बसूही नये. मागणी उमेदवाराकडे आहे, आणि ती पुरी करायला कुठला नवा कायदा लागत नाही. चौदा दिवसांत प्रत्येक मोठ्या गावात एक सभा अशी घ्यावी, की जिचा निम्मा वेळ खाली बसलेल्यांच्या हातात माइक असेल. सगळे उमेदवार एकाच मंचावर आले तर फारच चांगलं. महाविद्यालयांचे प्राध्यापक, पत्रकार संघ, बार असोसिएशन यांपैकी कुणीही ती आयोजित करू शकतं, आणि पक्ष बघून न बोलावता सगळ्यांना सारखं बोलावू शकतं. पाडळश्याचं पाणी कोणत्या साली शेतात येईल, केळीच्या विम्याचे दावे कुठे अडकले, कापसाची खरेदी केंद्रं दिवाळीआधी का उघडत नाहीत, हे तिथे विचारलं जाईल. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी आणि तिच्यावर त्याच्या नावाची पाटी लावावी. नटाला आणायचं तर याच सभेला आणा. त्याच्यामुळे हजार माणसं जास्त येतील, आणि येणारी माणसं प्रश्न घेऊन येतील.

यावर कार्यकर्ते म्हणतात, अशा सभेत विरोधकांचे लोक गोंधळ घालतील, कुणीतरी व्हिडिओ कापून फिरवेल, भाऊ अडचणीत येतील. येतील. ग्रामसभेत सरपंच वर्षातून चार वेळा अशा अडचणीत येतो, तिथेही आरडाओरड होते, खुर्च्याही सरकतात, तरी गावगाडा चालतो. पाच-सहा हजार वस्तीच्या गावचा सरपंच, ज्याच्या हातात एका तालुक्याचाही निधी नसतो, तो जर वर्षातून चार वेळा गावापुढे उभा राहू शकतो, तर तीन लाख मतदारांकडे मत मागणाऱ्याने पाच वर्षांतून एक संध्याकाळ तेवढी तयारी ठेवायला काय हरकत आहे?